गावफेरीसाठी ऑडिओ गाइड करायचा आहे: थांबे किती, आवाज कसा, क्यूआर की जीपीएस?

वेशीपासून (प्रश्न)

एका छोट्या गावासाठी ऑडिओ गाइड तयार करायचा आहे. पाहुण्यांनी स्वतःच्या फोनवर ऐकत, आपल्या चालीने गाव पाहावं, सोबत वाटाड्या लागू नये, अशी कल्पना आहे. वाट साधारण दीड किलोमीटरची, जिथून सुरू तिथेच संपणारी. यादीत सध्या २३ जागा आहेत: जुनी विहीर, पाण्याचा पाट, दगडी पूल, बंद पडलेली पिठाची गिरणी, प्रार्थनास्थळ, एक शिलालेख, कुंभाराची भट्टी, बाजाराची मोकळी जागा, काही जुनी घरं वगैरे. मोबाइलची रेंज निम्म्या वाटेवर मिळते, उरलेल्या वाटेवर नाही.

एका फेरीत किती थांबे ठेवावेत आणि प्रत्येक थांब्यावर किती बोलावं? साध्या साधनांत आवाज नीट कसा येईल? क्यूआर कोडच्या पाट्या लावाव्यात की जीपीएसवर आपोआप सुरू होणारं ॲप घ्यावं? ज्यांनी असे मार्ग आखले आहेत त्यांनी आकड्यांसकट सांगितलं तर फार मदत होईल.

---

कानसेन

२३ फार झाले. दीड किलोमीटरला १० ते १२ थांबे ठेवा. इकडेतिकडे पाहत जाणारा माणूस ताशी ३ किमीच्या आसपास चालतो, म्हणजे नुसती चाल अर्ध्या तासाची. त्यात ११ थांबे धरा, दर थांब्याला दोन मिनिटं ऐकणं आणि एक मिनिट नुसतं पाहणं. ही ३३ मिनिटं. फेरी तासाभरात पुरी होते. तेवीसच्या तेवीस थांबे ठेवलेत तर हाच हिशेब दीड तासाच्या पुढे जातो, आणि कंटाळा आला की लोक शेवटचे थांबे गाळून परततात.

कोणते ठेवायचे हे ठरवायला एकच कसोटी पुरते: तिथे उभं राहिल्यावर डोळ्यांना काही दिसतं का? "इथे पूर्वी मोठा बाजार भरत असे" असं सांगायचं आणि समोर रिकामं मैदान, तर तो थांबा दुबळा. विहिरीच्या काठावर दोर घासून पडलेल्या खाचा, पुलाच्या पायाला पाण्याच्या बाजूने दिलेली टोकदार चोच, गिरणीतल्या जात्याच्या पाळूवर टाकीने पाडलेल्या चऱ्या, एखाद्या भिंतीत मध्येच बसवलेला दुसऱ्याच इमारतीचा कोरीव दगड, हे खरं भांडवल. असं काही दाखवता येत नसेल तर ती जागा मुख्य फेरीतून काढा आणि "आणखी ऐका" म्हणून वेगळ्या फाइलीत ठेवा. ज्याला रस असेल तो घरी गेल्यावर ऐकेल.

मजकुराचा क्रम असा ठेवा: कुठे उभं राहायचं, काय पाहायचं, मग त्यामागची हकीकत, शेवटी पुढे कुठे जायचं. बहुतेक नवखी स्क्रिप्ट उलट्या क्रमाने लिहिली जाते. आधी इतिहास येतो, आणि ऐकणारा तेवढा वेळ कुठे पाहू म्हणून भिरभिरत राहतो. पहिल्या १५-२० सेकंदांत नजर जागेवर आणली नाही तर पुढचं कानावरून जातं. उदाहरणार्थ:

"पायऱ्यांच्या वरच्या टोकाला, विहिरीकडे तोंड करून उभे राहा. आता उजव्या हाताच्या कठड्यावर, कमरेच्या उंचीला पाहा. दगडाच्या कडेला बोटभर खोल खाचा दिसतात. त्या छिन्नीने पाडलेल्या नाहीत. वर्षानुवर्षं इथून पोहरे ओढले गेले, त्या दोरांनी दगड झिजला."

ही २५ सेकंदं झाली. "ही प्राचीन विहीर म्हणजे गावाचं भूषण" यातून ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

मराठी निवांत वाचली तर मिनिटाला साधारण १०० ते ११० शब्द होतात. दोन मिनिटांच्या थांब्याला २०० ते २२० शब्द, त्याहून जास्त नको. वाक्य १२-१४ शब्दांच्या आत ठेवा. एका थांब्यात एकच सन, फार तर दोन. कानाने ऐकलेले आकडे टिकत नाहीत.

दिशांच्या बाबतीत काटेकोर राहा. तोंड कुठे करायचं हे सांगितल्याशिवाय "डावीकडे" म्हणू नका. खूण म्हणून झाड, दाराचा रंग, दुकानाची पाटी घेऊ नका, या गोष्टी बदलतात. जिना, चौथरा, पुलाचा कठडा, गल्लीचा कोपरा या खुणा टिकतात.

वाटेच्या सूचना मजकुराच्या फाइलीत मिसळू नका. "इथून सरळ जाऊन दुसऱ्या गल्लीत वळा" ही १५ सेकंदांची वेगळी क्लिप ठेवा. उद्या ती गल्ली खोदकामासाठी बंद झाली तर तेवढीच बदलता येते. नाहीतर अख्खा थांबा पुन्हा रेकॉर्ड करावा लागतो, आणि तोवर निवेदकाचा आवाज, खोली, माइक यांपैकी काहीतरी बदललेलं असतं. उघडण्याच्या वेळा, शुल्क, फोन नंबर तर आवाजात कधीच घेऊ नका. ते पानावर लिहा.

थांबण्याची सोय मनापासून वापरा. संग्रहालयातला ऑडिओ गाइड पहिल्यांदा १९५२ साली ॲमस्टरडॅमच्या स्टेडलिक संग्रहालयात शॉर्टवेव्ह रेडिओवर चालला. तिथे सगळ्यांना एकाच वेळी एकच ऐकू यायचं, त्यामुळे सगळ्यांना एकदमच पुढे सरकावं लागे. आता पॉजचं बटण ऐकणाऱ्याच्या हातात आहे. तेव्हा स्पष्ट सांगा: "आता आवाज थांबवा, खाली पाण्यापर्यंत जाऊन या, मग पुन्हा सुरू करा."

---

ध्वनिपेटी

आवाजाचं सांगतो. निवेदन जागेवर रेकॉर्ड करू नका. वारा, गाड्या, कुत्री, लाउडस्पीकर, यातलं काही ना काही प्रत्येक टेकमध्ये घुसतं. निवेदन घरात करा आणि गावाचे आवाज वेगळे टिपून आणा.

खोली लहान आणि भरलेली हवी. गाद्या, रजया, कपड्यांचं उघडं कपाट, जाड पडदे. टाळी वाजवून पाहा, मागे "टण्ण" असं घुमलं तर अजून कापड वाढवा. रिकाम्या खोलीतला घुमारा नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने नीट निघत नाही, म्हणून माइकपेक्षा खोलीवर जास्त कष्ट घ्या. पंखा, फ्रिज बंद. फोन विमान मोडवर.

माइक तोंडापासून १५ ते २० सेंमी, सरळ समोर न धरता जरा बाजूला. प, फ, ब, भ यांच्या हवेचा फटका मग माइकवर बसत नाही. रेकॉर्डिंग वेव्ह फाइलमध्ये, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. मोठ्यात मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या पट्ट्यात राहू द्या. शून्याला टेकला की आवाज फाटतो, आणि फाटलेला परत शिवता येत नाही. शेवटी ३० सेकंद काहीही न बोलता खोलीची शांतता रेकॉर्ड करा. दोन वाक्यांच्या मध्ये जागा वाढवायची असेल तर हीच शांतता भरायची, कारण तिथे निव्वळ शून्य टाकलं तर कानाला भोक पडल्यासारखं वाटतं.

सगळे थांबे एकाच खोलीत, एकाच अंतरावरून, दिवसाच्या एकाच वेळी घ्या. सकाळचा आवाज आणि संध्याकाळचा आवाज शेजारी ठेवले की वेगळेपणा लगेच कळतो.

संकलन ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये होतं, ते मोफत आहे. क्रम:

१. ८० हर्ट्झखालचा भाग हाय-पास फिल्टरने काढा. घरघर आणि माइकला बसलेले धक्के तिथेच असतात.
२. नॉइज रिडक्शन हलक्या हाताने, ६ ते १० डेसिबल. त्यापलीकडे गेलात की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. थोडी खरखर परवडते, हे नाही.
३. चुका, लांब श्वास, अडखळणं कापा. सगळे श्वास काढू नका.
४. शेवटी लाउडनेस नॉर्मलायझेशन. मोनो (एकाच वाहिनीच्या) फाइलसाठी उणे १९ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप). त्या खिडकीत मोनोला दुहेरी मोनो समजण्याचा पर्याय असतो, तो चालू असेल तर उणे १६. दोन्हींचा परिणाम एकच आहे, पण काही फाइली असा आणि काही तसा हिशेब लावून केल्यात तर थांब्याथांब्याला आवाज लहानमोठा होईल. शिखर उणे १ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका.

एमपी३, मोनो, ६४ केबीपीएस बोलण्याला पुरेसं आहे. मिनिटाला ४८० केबी होतात. ११ थांबे गुणिले दोन मिनिटं, म्हणजे सगळा गाइड साडेदहा एमबीच्या आसपास. नैसर्गिक आवाज किंवा संगीत जास्त असेल तर ९६ केबीपीएस घ्या, मिनिटाला ७२० केबी. मूळ वेव्ह मात्र टाकू नका. ती मिनिटाला साडेआठ एमबीहून जास्त जागा खाते, तरी पुढची प्रत्येक दुरुस्ती तिच्यावरच करायची असते. एमपी३ उघडून पुन्हा एमपी३ केली की दर्जा दर वेळी घसरतो.

फाइलींची नावं ०१, ०२, ०३ अशी द्या. नुसतं १, २, ३ दिलंत तर बरेच प्लेअर १ नंतर १०, ११ आणि मग २ वाजवतात.

पाण्याचा, भट्टीचा, मागाचा, घंटेचा आवाज जागेवर टिपताना माइकला केसाळ कव्हर घाला. पातळ स्पंज उघड्यावरच्या वाऱ्याला पुरत नाही. दर आवाज सलग दोन-तीन मिनिटं घ्या आणि निवेदनाखाली वापरताना बोलण्यापेक्षा १८-२० डेसिबल खाली ठेवा. पण ऐकणारा त्या पाण्यासमोरच उभा असेल तर रेकॉर्ड केलेलं पाणी कशाला? असे आवाज आता बंद पडलेल्या गोष्टींसाठी राखून ठेवा. गिरणी थांबलेली आहे, तेव्हा तशाच चालू गिरणीचा आवाज तिथे खरा उपयोगी पडेल. फक्त तो दुसरीकडे टिपलेला आहे हे सांगा.

तयार गाण्यांचे तुकडे वापरू नका, हक्कांचा प्रश्न येतो.

यांत्रिक आवाजाबद्दल विचारणा होईलच म्हणून आधीच लिहितो. तात्पुरत्या चाचणीसाठी तो चांगला, कारण स्क्रिप्ट किती लांब होते ते लगेच कळतं. अंतिम गाइडसाठी नको. गावाची, गल्ल्यांची नावं आणि आडनावं तो चुकवतो. मराठीत "चार" आणि "चारा" यांतला च वेगळा, तिथेही तो घसरतो. ज्या गावात फिरतोय त्याचंच नाव चुकीचं ऐकू आलं की बाकीच्या मजकुरावरचाही विश्वास उडतो.

---

नकाशेवाला

क्यूआर की जीपीएस? तुमची वाट आणि अर्धवट रेंज पाहता पाट्या हाच पाया धरा, जीपीएस जोड म्हणून.

उघड्या आकाशाखाली फोनचं जीपीएस साधारण ५ मीटरपर्यंत अचूक असतं. अरुंद गल्लीत भिंतींवरून संकेत परावर्तित होतात आणि हीच चूक १०-२० मीटरवर सहज जाते. म्हणजे शेजारच्या घराचं वर्णन या घरासमोर सुरू होणार. त्यात फोनच्या प्रणालीतली तयार जिओफेन्स सोय (ठरलेल्या वर्तुळात शिरलं की सूचना देणारी) छोट्या अंतरासाठी बनलेलीच नाही. अँड्रॉइडच्या मार्गदर्शिकेत किमान त्रिज्या १०० ते १५० मीटर ठेवायला सांगितलं आहे, आणि ॲप पडद्यामागे असेल तर सूचना यायला काही मिनिटं लागू शकतात. तुमचे थांबे सरासरी १३०-१४० मीटरवर येतील, त्यात हे बसत नाही. ॲप सतत समोर चालू ठेवून स्थान तपासलं तर जमतं, पण बॅटरी भराभर उतरते.

"ॲप नको, वेब पानावर जीपीएस चालवू" असं सुचलं तर तीन अडचणी आधीच पाहून ठेवा. ब्राउझर स्थान फक्त सुरक्षित (एचटीटीपीएस) पानाला देतो. पडदा बंद झाला की पानाला स्थान मिळणं थांबतं. आणि वापरणाऱ्याने एकदा तरी बोट लावल्याशिवाय आवाज आपोआप सुरू होत नाही. ज्यांना हे माहीत नसतं ते घरी संगणकावर सगळं नीट चालताना पाहतात आणि गावात फोन खिशात गेला की गाइड मुका होतो.

आता क्यूआर. पत्ता जितका लहान, तितके चौकोन मोठे आणि कोड वाचायला सोपा. "एचटीटीपीएस" धरून पूर्ण पत्ता ३२ अक्षरांत बसवलात तर २९ गुणिले २९ चौकोनांचा कोड क्यू पातळीच्या दुरुस्तीसह मिळतो. क्यू पातळी म्हणजे सुमारे २५ टक्के भाग खराब झाला तरी कोड वाचता येतो. एल पातळीला हेच ७ टक्के आहे, उघड्यावर ती नको. एक चौकोन २ मिमीचा धरला तर कोड ५८ मिमीचा होतो. भोवती चार चौकोनांइतकी कोरी जागा सोडायची, म्हणजे दोन्ही बाजू मिळून ७४ मिमी. ही कोरी चौकट लोक सजावटीत खाऊन टाकतात आणि मग कोड का वाचला जात नाही म्हणून शोधत बसतात. अंतराचा ढोबळ नियम असा: जितक्या लांबून स्कॅन करायचं त्याच्या दहावा भाग कोडची रुंदी. ५८ मिमीचा कोड अर्ध्या मीटरवरून आरामात वाचला जातो. कठड्यापलीकडून, दीड मीटरवरून वाचायचा असेल तर १५ सेंमीचा करा.

गडद कोड, फिकट पार्श्वभूमी. उलटं केलं तर काही फोन वाचत नाहीत. मध्ये बोधचिन्ह घालू नका, तुमची दुरुस्तीची शिल्लक ऊन-पावसासाठी राहू द्या.

आणि कोड स्वतःच्या डोमेनच्या पत्त्यावर न्या. मोफत "डायनॅमिक" कोड देणाऱ्या सेवेवर अवलंबून राहिलात तर ती सेवा बंद झाली किंवा मुदत संपली की गावातल्या सगळ्या पाट्या एकाच दिवशी निकामी. आपल्या डोमेनवर आतली फाइल हवी तेव्हा बदलता येते, पाटी तीच राहते. डोमेनच्या नूतनीकरणाची तारीख दोघांकडे नोंदवलेली असावी.

कोडच्या शेजारी थांब्याचा क्रमांक मोठ्या अक्षरात आणि खाली छोटा पत्ता वाचता येईल असा लिहा. कॅमेरा बिघडलेला असला किंवा कोणी कोडवर दुसरंच स्टिकर डकवलं तरी ऐकणारा अडत नाही. असं स्टिकर चिकटवून भलत्याच पानावर नेण्याचे प्रकार होतात, त्यामुळे पत्ता दिसणं हे सुरक्षेचंही काम करतं.

रेंज नसलेल्या भागासाठी पहिल्या पाटीवरच, जिथे रेंज आहे तिथे, "पूर्ण फेरी उतरवून घ्या" असं मोठं बटण द्या. साडेदहा एमबी कमकुवत जोडणीवरही उतरतात. सगळ्यात भरवशाची वाट म्हणजे क्रमांक दिलेल्या एमपी३ आणि नकाशाचं चित्र यांची एक झिप. पण झिप उघडणं सगळ्यांना जमत नाही, म्हणून सोबत सर्व्हिस वर्करवर (पान फोनमध्ये साठवून ठेवण्याची ब्राउझरची सोय) चालणारं ऑफलाइन पानही ठेवा. इथे एक खोच आहे: आयफोनचा ब्राउझर सफारी ऑडिओ फाइल तुकड्यांनी मागतो. सर्व्हर असो वा साठवलेली प्रत, तुकड्याला २०६ क्रमांकाचं ("मागितलेला तुकडा पाठवला" असं सांगणारं) उत्तर मिळालं नाही तर आयफोनवर आवाज वाजतच नाही, अँड्रॉइडवर मात्र सगळं ठीक दिसतं. चाचणी दोन्हींवर करा, विमान मोडवर ठेवून.

---

माळरान

नकाशेवाल्यांशी गल्ल्यांपुरता सहमत. पण वाटेचा काही भाग शेतांतून, पाटाच्या कडेने जात असेल तर तिथे जीपीएसच बरं. मोकळ्या आकाशाखाली चूक कमी असते, शिवाय शेताच्या बांधावर खांब रोवायला सगळे तयार होत नाहीत. तिथे त्रिज्या २० ते ३० मीटर ठेवा आणि दोन वर्तुळं एकमेकांना भिडू देऊ नका. केंद्र वस्तूवर धरण्याऐवजी माणूस जिथे उभा राहील तिथे धरा, अन्यथा पूल ओलांडून झाल्यावर पुलाबद्दल ऐकू येतं.

सगळं स्वतः बांधायचं नसेल तर आयझी ट्रॅव्हलसारखे मंच आहेत. त्यावर थांबे, आवाज, चित्रं चढवता येतात, ऐकणाऱ्याला फेरी आधी उतरवून घेता येते आणि स्थानाप्रमाणे आवाज सुरूही होतो. फक्त तुमच्या पाटीवरचा कोड थेट त्या मंचावर न नेता आपल्या पानावरून तिकडे वळवा. मंच बदलला तरी पाट्या बदलाव्या लागणार नाहीत.

नकाशा ओपनस्ट्रीटमॅपवर आधी तपासा. छोट्या गावांच्या पायवाटा तिथे बहुधा अर्धवट असतात, त्या तुम्ही स्वतः भरू शकता. श्रेय मात्र द्यावं लागतं.

---

वेशीपासून

सगळ्यांचे आभार. २३ वरून १२ वर यायचं नक्की केलं. आता दोन गोष्टी अडल्या आहेत. पुलाबद्दल गावात दोन हकीकती सांगतात, दोन्ही घराणी आपलीच खरी म्हणतात. आणि जुन्या घरांपैकी तीन घरांत लोक राहतात. शिवाय वयस्कर मंडळींचा आवाज घ्यायचा आहे, तर त्यांच्याकडून नेमकं काय लिहून घ्यावं?

---

दस्तऐवज

दोन्ही हकीकती सांगा, पण तिसऱ्या गोष्टीपासून सुरुवात करा: पुलावर काय दिसतं. दगडाची घडण, चुना की सिमेंट, कोरलेला सन असल्यास तो, दुरुस्तीच्या खुणा. त्यानंतर "एका घराण्यात असं सांगतात", मग "दुसऱ्या घराण्यात असं सांगतात", दोघांना सारखाच वेळ द्या, आणि कागदावर काय आढळतं ते सांगून थांबा. कागद नसेल तर "लेखी नोंद सापडलेली नाही" हे वाक्य स्वच्छपणे म्हणा. आपल्या पसंतीची हकीकत निवेदकाच्या तोंडी आणि दुसरी "काही जण म्हणतात" म्हणून, असं केलंत तर गावात दुखावलेली माणसं तयार होतात, आणि पाट्यांची काळजी घेणारेही तेच असणार.

वारसास्थळं जपण्यासाठी काम करणाऱ्या इकोमॉस या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००८ मध्ये क्यूबेकच्या सभेत वारसास्थळांच्या विवेचनाबद्दलची सनद संमत केली. ती एनाम सनद म्हणून ओळखली जाते. शास्त्रीय पुराव्याबरोबर स्थानिकांच्या जिवंत परंपरेचा आधार घ्या, माहितीच्या आधारांची नोंद ठेवा आणि स्थानिकांना सहभागी करून घ्या, अशा तिच्यातल्या गोष्टी गावफेरीला तंतोतंत लागू पडतात. प्रत्यक्षात यासाठी एक वही पुरते. प्रत्येक थांब्याच्या स्क्रिप्टमधल्या प्रत्येक विधानापुढे तीन रकाने: आधार काय (शिलालेख, जमिनीची नोंद, जुना नकाशा, तोंडी), कोणी तपासलं, केव्हा. ज्या विधानापुढे पहिला रकाना रिकामा, ते वाक्य काढा. "हजारो वर्षांपूर्वी" यासारखे शब्द या वहीसमोर आपोआप गळतात.

शिलालेखाचं वाचन जाणकाराकडून करून घ्या. अक्षरं उठून दिसावीत म्हणून त्यात खडू, रंग, पीठ भरू नका. रात्री किंवा सावलीत एका बाजूने तिरका टॉर्च टाकून फोटो काढा, पुसट अक्षरंही सावलीमुळे वर येतात.

राहत्या घरांची परवानगी लेखी घ्या, आणि ती रस्त्यावरून दिसणाऱ्या भागापुरतीच आहे असं धरा. आवाजात "आत डोकावून पाहा" नको, राहणाऱ्यांची नावं नकोत, घर किती वाजता रिकामं असतं याचा सुगावा लागेल असं काही नको. तीनपैकी एकाने नकार दिला तर थांबा गाळा, मन वळवत बसू नका. जिथे उत्खनन झालेलं नाही, पण जुने अवशेष वर आलेले आहेत, अशी जागा फेरीत आणि नकाशावर अजिबात दाखवू नका. नेमकं स्थान जाहीर झालं की खोदणारे पोचतात.

संमतीपत्रात इतकं असावं: आवाज कशासाठी आणि कुठे वापरणार, नाव द्यायचं की नाही, मूळ रेकॉर्डिंग कोणाकडे राहणार, कापाकापी केल्यावर त्यांना ऐकवणार का (ऐकवाच), मागे घ्यायचं असल्यास कोणाला सांगायचं. लिहिता-वाचता येत नसेल तर हेच वाचून दाखवा आणि त्यांचा होकार रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच घ्या. वारल्यानंतर वापर चालू ठेवायचा का, हेही विचारा. अवघड वाटतं, पण घरच्यांना नंतर फार सोपं जातं.

---

ध्वनिपेटी

वयस्करांच्या आवाजाबद्दल थोडं. त्यांच्याच घरी, त्यांच्या नेहमीच्या जागी बसवा, फक्त खुर्ची करकरणारी नको. कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा, पदर किंवा उपरणं त्यावर घासणार नाही हे पाहा. माइक नसेल तर फोन जाड कापडाच्या घडीवर, ३० सेंमीवर, माइकची बाजू त्यांच्याकडे. टेबलावर थेट ठेवलात तर टेबलाचा प्रत्येक ठोका रेकॉर्ड होतो.

"गिरणी चालू असताना सकाळ कशी असायची?" असं विचारा. "गिरणी सकाळी चालायची का?" याचं उत्तर "हो" एवढंच येतं. उत्तरात प्रश्न सामावून घ्यायला सांगा, कारण तुमचा आवाज कापायचा आहे. ते बोलताना "हं, हं" करू नका, मान हलवा. अर्ध्या तासाच्या बोलण्यातून एका थांब्याला २० ते ४० सेकंदांचा तुकडा पुरतो. त्याआधी निवेदकाने एका वाक्यात ओळख करून द्यावी. बोलीतले शब्द सुधारू नका. कळणार नाही असा शब्द असेल तर निवेदकाने आधीच्या वाक्यात तो सहज वापरून ठेवावा.

---

नकाशेवाला

पाट्या बसवण्याबद्दल कोणी लिहिलं नाही. जुन्या दगडात भोक पाडू नका. लोखंडी खिळा किंवा बोल्ट गंजला की फुगतो आणि दगड आतून फोडतो. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटने पाटी चिकटवली तर काढताना भिंतीचा पापुद्रा बरोबर येतो. स्वतंत्र खांब घ्या, वास्तूच्या पायापासून वेगळा, तिच्या फोटोत येणार नाही अशा बाजूला. पाटीचा मध्य जमिनीपासून ९० ते १२० सेंमीवर ठेवा, चाकाच्या खुर्चीवरून आणि उभ्यानेही स्कॅन होतो. चकचकीत लॅमिनेशन टाळा, उन्हात कोडवर झळाळी येते आणि कडेने पाणी शिरून कागद फुगतो. धातूवरची कोरीव किंवा मीनाकाम केलेली पाटी वर्षानुवर्षं टिकते. सुरुवातीला मात्र स्वस्त छपाईवरच चाचणी करा, कारण दोन-तीन पाट्यांच्या जागा नक्की बदलतील.

---

कानसेन

चाचणी हा शब्द आला म्हणून. गाव माहीत नसलेली माणसं आणा, एक तरुण, एक वयस्कर, जमल्यास एक दृष्टिहीन व्यक्ती. मागे दहा पावलं चाला आणि तोंड उघडू नका. कुठे थबकतात, कुठे मागे वळतात, कोणत्या थांब्यावर हेडफोन काढतात, एवढंच टिपा. वळणं बहुतेक स्क्रिप्टमध्येच चुकलेली असतात. दृष्टिहीन श्रोत्यासाठी पायऱ्या किती, वाट खडीची की फरशीची, कठडा कोणत्या बाजूला, हे वाटेच्या क्लिपमध्ये घाला. त्याचा सगळ्यांनाच उपयोग होतो. ऐकू न येणाऱ्यांसाठी प्रत्येक थांब्याचा पूर्ण मजकूर पानावर द्या.

पहिल्या क्लिपमध्ये तीन सूचना पुरेत: फेरी आधी उतरवून घ्या, रस्त्यावर चालताना एकच कान झाका, आणि चालताना ऐकू नका, थांबून ऐका. गावच्या रस्त्याला पदपथ नसतो, मागून येणारी गाडी कानाने कळावी लागते.

देखभालीला एका माणसाचं नाव लावा. महिन्यातून एकदा त्याने फेरी चालून प्रत्येक कोड स्वतःच्या फोनने, मोबाइल डेटावर उघडून पाहावा. घरच्या वायफायवर पाहिलं तर वाटेवरची रेंजची अडचण कळत नाही, आणि फोनमधली जुनी साठवलेली प्रत उघडली तर बिघाड लपून राहतो.